"गाठ दिसली नाही म्हणजे कॅन्सर नाही" हे चूक आहे

सध्या एक मेसेज फिरतोय की अन्ननलिकेचा कॅन्सर असेल तर दुर्बिणीत (एंडोस्कोपीत) गाठ दिसणारच, काळा डाग म्हणजे नक्की कॅन्सर, बायोप्सी निगेटिव्ह आली की विषय संपला, आणि गिळताना अडकत नसेल तर एंडोस्कोपी कशाला. चारही गोष्टी चूक आहेत, पहिली तर जीवावर बेतणारी.

गाठ, मोठी जखम, अरुंद झालेली नळी हे सगळं उशिराचं. सुरुवातीला काय असतं तर आतल्या अस्तरावर जरासा लालसर पट्टा, किंचित खडबडीतपणा, कधी तर अगदी सपाट, फक्त तिथली बारीक रक्तवाहिन्यांची नेहमीची जाळी पुसट झालेली. साध्या प्रकाशात दुर्बीण घाईघाईत खाली नेली की हे सहज निसटतं. म्हणून एनबीआय, म्हणजे दुर्बिणीतला खास निळा-हिरवा प्रकाश लावतात, त्यात तो भाग तपकिरी उठून दिसतो आणि झूम केलं की वेड्यावाकड्या झालेल्या केशवाहिन्या कळतात. नाहीतर ल्युगॉल आयोडीन हे आयोडीनचं रंगद्रावण फवारतात. निरोगी पेशींत ग्लायकोजेन असतं, त्या गडद रंगतात, बिघडलेल्या पेशी रंग घेत नाहीत, आणि तो फिकट तुकडा दोनतीन मिनिटांत गुलाबी झाला तर संशय वाढतो. नुसती सूज असली तरी रंग न धरणं होऊ शकतं, त्यामुळे तुकडा काढून तपासावाच लागतो.

काळ्या डागाचं म्हणाल तर अन्ननलिकेत मेलॅनोमा (काळं रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचा कॅन्सर) होतो खरा, पण तिथल्या कॅन्सरमध्ये तो १ टक्क्याहूनही कमी. मेलॅनोसायटोसिसमध्येही, म्हणजे अस्तरात त्याच पेशी नुसत्या जास्त झाल्या तरी, काळे डाग दिसतात आणि तो कॅन्सर नाही. उलट काही मेलॅनोमात रंगच नसतो!

बायोप्सीचा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. स्मॉल सेल, बेसलॉइड, अ‍ॅडेनॉइड सिस्टिक असे दुर्मिळ प्रकार बरेचदा अस्तराखाली वाढतात, वरून गुळगुळीत उंचवटा दिसतो, चिमट्यात वरचंच चांगलं अस्तर येतं आणि रिपोर्ट नॉर्मल. तरी डॉक्टरांना शंका असेल तर पुन्हा खोल बायोप्सी किंवा एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड (दुर्बिणीतून आतून केलेली सोनोग्राफी) करायला अजिबात कंटाळू नका.

राहिलं अडकण्याचं. अन्ननलिका ताणली जाते, त्यामुळे घास अडकायला लागेपर्यंत आजार बहुतेकदा पुढे गेलेला असतो. तोच अस्तरापुरता असताना सापडला तर अनेकदा दुर्बिणीतूनच काढता येतो, अन्ननलिका काढावी लागत नाही. सरसकट सगळ्यांनी तपासणी करा असं मी म्हणत नाहीये, पण तंबाखू-दारू दोन्ही असेल, बॅरेट्स (जुन्या अ‍ॅसिडिटीने अन्ननलिकेच्या खालच्या भागाचं अस्तर बदलणं) असेल, आधी तोंडाचा किंवा घशाचा कॅन्सर झाला असेल तर अडकायची वाट न बघता डॉक्टरांशी बोला, आणि एंडोस्कोपीच्या आधी हे सगळं सांगा, थायरॉइडचा त्रास किंवा आयोडीनची अ‍ॅलर्जी असेल तर तेही.