घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतल्याने त्याची भीती वाढत नाही

वादळाचे दिवस जवळ आले की कुत्रा पाळणाऱ्यांमध्ये एक सल्ला हमखास फिरू लागतो. विजांच्या कडकडाटाने घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेऊ नका, कारण त्यामुळे त्याच्या भीतीला बक्षीस मिळते आणि ती वाढते. त्याच्याकडे साफ दुर्लक्ष करा, लपून बसला तर ओढून बाहेर काढा, हळूहळू सवय होईल. फारच गोंधळ घातला तर गुंगीचे औषध द्या. आणि म्हातारा कुत्रा अचानक घाबरू लागला तर वयाचा परिणाम समजून सोडून द्या, असा त्याचा आशय असतो. सल्ला देणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो आणि बक्षिसाचा मुद्दा तर शास्त्रीयही वाटतो. पण त्यापायी थरथर कापणारे जनावर ऐन वादळात एकटे पडते, म्हणून यातील एकेक विधान तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

पहिले आणि सर्वांत रुजलेले विधान बक्षिसाचे आहे. ज्या कृतीनंतर सुखद परिणाम मिळतो ती कृती पुन्हा होण्याची शक्यता वाढते, हा मानसशास्त्रातील प्रबलनाचा नियम खरा आहे. कुत्रा बसला, खाऊ मिळाला, की तो पुढच्या वेळी लवकर बसतो. परंतु भीती ही अशी कृती नव्हे, ती भावना आहे. घाबरलेल्या कुत्र्याला जरा जवळून पाहावे : डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या असतात, जीभ वारंवार ओठांवरून फिरत असते, उकाडा नसतानाही धाप लागलेली असते, आणि कुत्र्यांना घाम पंजांच्या तळव्यांना येत असल्यामुळे तो चालतो तिथे फरशीवर ओलसर ठसे उमटतात. यातले बहुतेक त्याच्या इच्छेने चाललेले नसते. गडगडाट होताच त्याच्या पाठीवरून हात फिरवला, म्हणून पुढच्या वेळी तो ‘मुद्दाम’ अधिक घाम गाळील असे कोणी म्हणणार नाही. मग त्याच घामाच्या मुळाशी असलेली भीती तेवढी हात फिरवल्याने वाढेल, हे कशाच्या आधारावर मानायचे?

भावनांना वेगळा नियम लागू होतो, आणि तो रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलोव्ह यांच्या कुत्र्यांवरील प्रयोगांमुळे सर्वांना ठाऊक आहे : एका गोष्टीपाठोपाठ दुसरी गोष्ट वारंवार आली, की पहिलीचा अर्थ बदलतो. प्रत्येक गडगडाटानंतर लगेच अत्यंत आवडता खाऊ किंवा आवडता खेळ आला, तर गडगडाट ही त्याची चाहूल ठरू लागते. स्वित्झर्लंडमधील बर्न विद्यापीठातील संशोधक श्टेफानी रीमर यांनी 1,225 कुत्र्यांच्या मालकांकडून फटाक्यांच्या भीतीवरील उपायांची माहिती गोळा करून ती 2020 मध्ये प्रसिद्ध केली. आवाज होताच खाऊ देणे किंवा खेळणे हा उपाय करणाऱ्यांपैकी सुमारे 70 टक्के मालकांना तो उपयोगी वाटला. हा मालकांचा अनुभव आहे, प्रयोगशाळेतील मोजमाप नव्हे, हे मान्य करावे लागेल. तरीही भीतीला बक्षीस मिळाल्याने ती वाढत असती, तर आवाज होताच थेट खाऊ मिळालेल्या या कुत्र्यांची स्थिती बिघडायला हवी होती. खाऊबाबत लक्षात ठेवण्याची गोष्ट एवढीच की तो आवाजानंतर यावा, आधी नव्हे. आणि कुत्रा खायलाच तयार नसेल तर त्याची भीती खाऊ उपयोगी पडण्याच्या टप्प्यापलीकडे गेली आहे असे समजून आग्रह सोडावा.

याच मुद्द्यावर 2005 मधील एका अमेरिकी अभ्यासाचा दाखला अनेकदा उलट्या अर्थाने दिला जातो. त्यात गडगडाटाला घाबरणाऱ्या 19 कुत्र्यांना वादळाचा ध्वनिमुद्रित आवाज ऐकवला गेला. त्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाचे प्रमाण 207 टक्क्यांनी वाढले, म्हणजे तिपटीहून अधिक झाले, आणि 40 मिनिटांनंतरही ते मूळ पातळीवर आले नव्हते. मालकाशी असलेल्या नात्याच्या प्रतीमुळे या वाढीत फरक पडलेला आढळला नाही. घरात आणखी कुत्री असलेली कुत्री मात्र लवकर सावरली. यावरून नुसत्या कुरवाळण्याने भीती नाहीशी होईल अशी अपेक्षा धरू नये, एवढाच निष्कर्ष निघतो. कुरवाळल्याने ती वाढते असे त्यात कुठेही दिसलेले नाही. म्हणून मी स्वतः साधा नियम पाळतो : कुत्रा अंगाला खेटून बसला तर बसू द्यावे, सावकाश लांब हात फिरवावा, आवाज नेहमीचाच ठेवावा, त्याला स्पर्श नको असेल तर नुसते त्याच खोलीत थांबावे.

दुसरे विधान, ‘दुर्लक्ष करा, सवय होईल’. सौम्य आणि निरुपद्रवी आवाजाची सवय होते हे खरे. पण ज्या आवाजाने आधीच धडकी भरते, तो पुन्हा पुन्हा आदळला की बहुधा उलटे घडते. संवेदनशीलता वाढते आणि भीती पसरत जाते. आधी फक्त गडगडाटाला घाबरणारा कुत्रा मग विजेच्या लखलखाटाला, नंतर पावसाच्या टपटपीला आणि शेवटी नुसत्या अंधारून येण्याला घाबरू लागतो. फिनलंडमध्ये सुमारे 13,700 कुत्र्यांची माहिती घेऊन 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आवाजाची भीती ही सर्वांत जास्त आढळलेली समस्या होती, तिचे प्रमाण 32 टक्के होते, आणि वयाबरोबर ती अधिक आढळली. आपोआप सवय होत असती तर वाढत्या वयात ती कमी दिसायला हवी होती.

सवय लावण्याची एक रीतसर पद्धत आहे, मात्र ती दुर्लक्षाच्या अगदी विरुद्ध आहे. वादळे नसलेल्या काळात ध्वनिमुद्रित गडगडाट इतक्या हळू लावायचा की कुत्रा फक्त कान टवकारेल. सोबत खाऊ द्यायचा. अनेक आठवडे घेऊन आवाज किंचित वाढवत न्यायचा आणि अस्वस्थतेची खूण दिसताच मागे यायचे. या पद्धतीलाही मर्यादा आहेत, कारण ध्वनिमुद्रणात लखलखाट नसतो, हवेच्या दाबातला बदल नसतो आणि जमीन हादरवणारी घरघरही साध्या स्पीकरमधून नीट येत नाही.

लपलेल्या कुत्र्याला ओढून बाहेर काढण्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही. लपणे हा त्याने स्वतः शोधलेला उपाय आहे, तो हिरावून घेऊ नये. उलट घराच्या आतल्या बाजूची खोली त्याच्यासाठी आधीच तयार ठेवावी, तिचे दार उघडे असावे आणि पंख्यासारखा एकसुरी आवाज चालू असावा. पडदे ओढणे मात्र खरोखर महत्त्वाचे आहे : ध्वनीला एक किलोमीटर कापायला सुमारे 3 सेकंद लागतात, त्यामुळे लखलखाट आधी दिसतो आणि तोच कुत्र्यासाठी धोक्याचा इशारा बनतो. त्याला पिंजऱ्यात कोंडणे किंवा बांधून ठेवणे धोक्याचे आहे, कारण सुटण्याच्या धडपडीत कुत्री दात आणि नखे मोडून घेतात. बाहेरची दारे-खिडक्या नीट लावलेल्या असाव्यात आणि पट्ट्यावर मालकाचा संपर्क क्रमांक असावा.

चौथे विधान औषधाचे, आणि येथे चूक महाग पडते. एसप्रोमाझीन हे गुंगीचे औषध पूर्वी यासाठी सर्रास दिले जाई. एकटे दिल्यास ते शरीर सुस्त करते, पण भीती कमी करतेच असे नाही, आणि काही कुत्री त्यामुळे आवाजाला अधिकच दचकतात. बाहेरून शांत दिसणारा कुत्रा आतून तितकाच घाबरलेला असू शकतो, फक्त त्याला हलता येत नाही. आज प्रत्यक्ष भीतीवर काम करणारी औषधे उपलब्ध आहेत : हिरड्यांना लावायचे डेक्समेडेटोमिडीनचे जेल त्यांपैकी एक, आणि इमेपिटॉइनला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2018 मध्ये कुत्र्यांमधील आवाजाच्या भीतीसाठी मान्यता दिली. ती पशुवैद्याने त्या कुत्र्याला तपासूनच द्यायची असतात; माणसांची औषधे अंदाजाने देणे जिवावर बेतू शकते. रीमर यांच्याच पाहणीत डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे सुमारे 69 टक्के मालकांना उपयोगी वाटली, तर फेरोमोन (प्राणी एकमेकांना संकेत देण्यासाठी सोडतात ती गंधद्रव्ये) आणि वनस्पतिजन्य पदार्थांबाबत हे प्रमाण एक-तृतीयांशाच्या आसपासच राहिले. तीव्र भीतीसाठी औषध घेणे हा मालकाचा पराभव आहे असे मानणाऱ्यांनी हे आकडे जरूर पाहावेत.

राहता राहिला वयाचा मुद्दा. इंग्लंडमधील लिंकन विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी 2018 मध्ये आवाजाला घाबरणाऱ्या 20 कुत्र्यांच्या नोंदींची तुलना केली. त्यांपैकी निम्म्यांना सांधे किंवा स्नायूंचे दुखणे होते, आणि त्यांच्यात ही भीती सरासरी सुमारे चार वर्षे उशिरा सुरू झाली होती. आवाजाने दचकताना अंग ताठरते, आधीच दुखणाऱ्या सांध्याला कळ लागते आणि ती कळ आवाजाशी जोडली जाते, अशी संशोधकांची मांडणी आहे. म्हणून आजवर गडगडाटात निवांत झोपणारा कुत्रा मोठ्या वयात एकाएकी घाबरू लागला, तर पशुवैद्याकडे केवळ भीतीची तक्रार नेऊ नये. तो जिना चढताना थबकतो का, उठताना एका पायावर भार टाळतो का, उडी मारायचे अलीकडे सोडले आहे का, हेही सांगावे आणि सांधे तपासून घ्यावेत.