पाळीच्या दुखण्यावर अशोकारिष्ट आणि वटी? आधी हे वाचा

सध्या फिरणारा मेसेज असा: ‘पाळीत पोट दुखतं? अशोकारिष्ट आणि रजःप्रवर्तिनी वटी तीन महिने घ्या, दुखणं मुळासकट जाईल. पेनकिलरनं गर्भाशय खराब होतं. आयुर्वेदिक औषधाला साइड इफेक्ट नसतो. बाळंतपण झालं की दुखणं आपोआप थांबतं, तोवर सोसायचं.’ यातलं बरंचसं आयुर्वेदालाही धरून नाही.

पहिला मुद्दा जोडीचा. अशोकारिष्टाचा मुख्य उपयोग असृग्दरात, म्हणजे अंगावरून जास्त जात असेल तेव्हा. ते स्राव आवरणारं औषध आहे. रजःप्रवर्तिनी नेमकी उलटी. कमी किंवा अडखळत येणारी पाळी मोकळी करायला ती देतात. एक आवरणारं, दुसरं वाहतं करणारं. दोन्ही सरसकट प्रत्येकीला कशी चालतील? या वटीत (गोळीत) काळा बोळ (कोरफडीचा सुकवलेला अर्क), हिंग, कासीस (लोहाचा क्षार) आणि टंकण (टाकणखार) असतं. काळा बोळ रेचक आहे, तोच पोटात कळा आणतो. आधीच भरपूर रक्तस्राव होणाऱ्या मुलीनं किंवा गर्भ राहिल्याची शक्यता असलेल्या बाईनं ही वटी घेऊच नये.

चरकसंहितेत (चिकित्सास्थान, अध्याय 30) उदावर्तिनी या पाळीच्या दुखण्याचं वर्णन आहे: वायूची गती उलटी होऊन वेदना होतात आणि आर्तव (पाळीचं रक्त) बाहेर पडताच आराम पडतो. त्यावर स्नेहन (तेल-तूप देणं), स्वेदन (शेकून घाम आणणं), बस्ती (गुदावाटे औषधी तेल किंवा काढा देणं) हे वाताचे उपचार. बस्ती पाळी थांबल्यानंतर आणि वैद्याच्या देखरेखीखालीच, घरी नाही.

घरी करण्यासारखा सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे शेक. गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून ओटीपोटावर किंवा कंबरेवर 15-20 मिनिटं ठेवा, दिवसातून तीन-चार वेळा. पिशवी थेट कातडीवर ठेवली तर चटके बसतात, ठेवून झोप लागली तर जास्तच. सुंठीवर छोटे का होईना, अभ्यास झालेत; त्यांत दिवसाला पाऊण ते दोन ग्रॅम सुंठपूड पहिले तीन-चार दिवस दिली होती. पाव चमचा, जेवणानंतर कोमट पाण्यातून, दिवसातून तीनदा घेतली की तेवढी होते. पित्ताचा त्रास असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर टाळा.

पेनकिलरचा मुद्दा सगळ्यात घातक, कारण त्यापायी मुली विनाकारण कळवळत राहतात. पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होतं, त्यानं स्नायू आवळतात आणि कळा येतात. मेफेनॅमिक अ‍ॅसिड, आयबुप्रोफेन ही औषधं तेच कमी करतात. गर्भाशय त्यानं खराब होत नाही. चूक होते ती वेळेची: दुखणं असह्य झाल्यावर गोळी घेतली जाते, तोवर प्रोस्टाग्लँडिन तयार होऊन बसलेलं असतं. कळ सुरू होताच, काही खाऊन, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत दोन-तीन दिवस घ्यावी. अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, किंवा अशा गोळ्यांनी दमा उठत असेल तर आधी विचारा. शेक आणि गोळी एकत्र चालतात.

साइड इफेक्टचं म्हणाल तर अरिष्टात आंबवण्यातून आलेला मद्यार्क असतो, साधारण 5 ते 10 टक्के, आणि गूळही. मधुमेह, यकृताचा आजार किंवा गरोदरपण असेल तर हे महत्त्वाचं.

राहिलं बाळंतपण. काहींचं दुखणं त्यानंतर कमी होतं, पण एंडोमेट्रिऑसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणं), अ‍ॅडेनोमायोसिस (तोच थर गर्भाशयाच्या स्नायूत वाढणं) किंवा गर्भाशयातल्या गाठींचं दुखणं त्याची वाट पाहत नाही. दुखणं दर महिन्याला वाढतंय, पाळी नसतानाही दुखतं, संबंधांच्या वेळी किंवा शौचाला दुखतं, तासाला पॅड भिजतो, ताप किंवा घाण वासाचा स्राव आहे, किंवा आजवर न दुखणारी पाळी पंचविशीनंतर दुखू लागली, यातलं एकही असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. दोन-तीन पाळ्यांच्या तारखा, दुखण्याचे दिवस आणि घेतलेली औषधं लिहून न्या. आणि सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून एंडोमेट्रिऑसिस नाहीच असं धरू नका; सुरुवातीचा आजार तिच्यात बऱ्याचदा दिसत नाही.