खुलासा : 'देवाने त्यांना कायमचं टाकलं' हे होशेयात नाही

बायबलच्या जुन्या करारात होशेय या संदेष्ट्याचं पुस्तक आहे. त्यातलं, देवाने इस्राएल लोकांना उद्देशून म्हटलेलं एकच वचन (१:९) सध्या फिरतंय : 'तुम्ही माझे लोक नव्हेत.' खाली मजकूर असतो, की एकदा विश्वासघात केला की देव परत वळून बघत नाही. हे वाचून खचलेल्या माणसांशी बोलणं झालं, म्हणून लिहिते आहे.

वचन खरं आहे, पण अर्धवट तोडलेलं आहे. लगेच पुढच्याच वचनात म्हटलंय, की जिथे त्यांना असं म्हटलं गेलं, तिथेच त्यांना जिवंत देवाची लेकरं म्हणतील. तिसऱ्या अध्यायात होशेय व्यभिचारी स्त्रीला १५ शेकेल (वजनाचं जुनं माप) रुपे आणि वर जव मोजून घरी आणतो. देव इस्राएलावर करतो तसं तिच्यावर प्रेम कर, ही आज्ञा देवाचीच! अकराव्या अध्यायात तर देव एफ्राइमाला (म्हणजे उत्तरेकडच्या इस्राएल राज्याला) हाताला धरून चालायला शिकवल्याचं आठवतो आणि विचारतो, तुला मी कसा सोडू? शिक्षेच्या इशाऱ्यांच्या ऐन मध्यावर हा प्रश्न येतो, मला तर तोच या पुस्तकाचा गाभा वाटतो.

याचा अर्थ पापाचे परिणाम टळले असा नाही. इ.स.पू. ७२२ च्या सुमारास अश्शूर साम्राज्याने या राज्याची राजधानी शोमरोन घेतली, लोक बंदिवासात गेले. होशेयानेही ते लपवलेलं नाही. पण त्याचं पुस्तक तिथे संपत नाही. चौदाव्या अध्यायात, परत फिरा, येताना (क्षमा मागणारे) शब्द घेऊन या, असं बोलावणं आहे आणि त्यावर देवाचं उत्तर : मी त्यांचं भटकणं बरं करीन, त्यांच्यावर मोकळ्या मनाने प्रेम करीन.