पाचचा गजर लावण्याआधी दहाची झोप लावा

पहाटे उठण्यावरच्या एका लेखात सल्ला आहे, 'पहाटे पाचला उठून साताऱ्याचा अजिंक्यतारा किल्ला चढा, अख्खा दिवस टवटवीत जाईल'. हे वाक्य अर्धंच आहे. रात्री किती वाजता पडायचं, ते कुठेच दिलेलं नाही. मोठ्या माणसाला किमान सात तास झोप लागते. साडेअकराला पडून पाचला उठलात तर साडेपाच तासच होतात आणि दुपारी तीनला ऑफिसात चिडचिड ठरलेली. गजर एकदम दोन तास मागे घेऊ नका. दर तीन-चार दिवसांनी १५ मिनिटं, आणि झोपायची वेळही तेवढीच मागे. चहा चारनंतर बंद. त्यातलं निम्मं कॅफिन साधारण पाच तासांनीही अंगात असतं. रविवारी नऊपर्यंत लोळलात की सोमवारी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

दुसरं, जानेवारीत साताऱ्यात सूर्य सातनंतर उगवतो. साडेसहाला गड उतरून घरी आलात तर व्यायाम झाला, पण उजेड मिळालाच नाही. शरीराचं घड्याळ लागतं ते उजेडावर. खोलीतल्या ट्यूबचा प्रकाश दोन-तीनशे लक्स (उजेड मोजायचं एकक), तर बाहेर ढगाळ सकाळीही काही हजार. थंडीत तासभर उशिरा निघा, पंधरा-वीस मिनिटं उन्हात रेंगाळा, मोबाईल खिशातच राहू द्या. आणि उतरताना पावलं आखूड टाका हो, गुडघे चढताना नाही, उतरताना बोलतात.