पाटी वाचवा, भाडेकरूचं नंतर बघू

गिरगावातल्या जुन्या इमारतीवर हाताने रंगवलेली पाटी बघून तुमच्या पोटात कालवाकालव झाली, तर आधी एक खात्री करून घ्या. तुम्ही त्या इमारतीत राहत नाही ना? राहत असाल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. जा, छताखालची बादली भरली असेल, ती ओतून या. वारसाप्रेम करावं ते ठाण्याच्या पंधराव्या मजल्यावरून, लिफ्ट चालू असताना.

आता पाटीचं वय काढायला शिका. पत्त्यात नुसतं ‘मुंबई ४’ असेल तर पाटी बहुधा १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीची, कारण पिनकोड त्या दिवशी आला. ‘४०० ००४’ असेल तर नंतरची. तिच्यावर जरा बेतानेच प्रेम करावं. फोन नंबर सहा आकडी निघाला तर मात्र सोडू नका. मग जवळ जा. लाल अक्षराला काळी सावली आहे, शिरोरेघ पट्टी टेकवून एका दमात ओढलेली आहे, आणि ‘आणि कंपनी’ लिहिताना जागा संपत आल्यामुळे शेवटचा ‘नी’ बिचारा लोकलमधल्या चौथ्या सीटवर बसल्यासारखा बसलाय. कोपऱ्यात पेंटरची बारीक सही आहे. फोटो काढा. फोटोत टेकू येत असतील तर कापा.

ही पाटी इतकी वर्षं कुणी जपली, असं कुणी विचारलं तर ‘मुंबईकरांच्या सौंदर्यदृष्टीने’ असं सांगा. खरं उत्तर देऊ नका. खरं उत्तर आहे १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा. भाडी १९४० च्या पातळीवर गोठली, मालकाने इमारतीकडे पाठ फिरवली, रंगाचा नवा हात कधी बसलाच नाही. १९६९ मध्ये दुरुस्तीसाठी उपकर आला, पण त्यातून पुरेशी दुरुस्ती झाली असती तर पाट्याही गेल्या असत्या. म्हणजे ज्या हलगर्जीपणाने जिना कुजला, त्यानेच तुमची पाटी टिकवली. एखाद्या परिसंवादात त्या कायद्याचा मरणोत्तर सत्कार करायला हरकत नाही.

पुनर्विकासाची मीटिंग लागली की अवश्य हजर राहा. पाहुण्यांना चहा मिळतो. उपकरप्राप्त, म्हणजे तो दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या, इमारतीला ५१ टक्के भाडेकरूंची संमती लागते, तेव्हा वातावरण तापलेलं असेल. कुणी काकू उठून म्हणतील की गॅलरीच्या टोकाचा संडास या गुडघ्यांनी आता झेपत नाही. त्यांना अक्षरांच्या वळणाबद्दल सांगा. बीडीडी चाळीतल्यांना १६० चौरस फुटांच्या बदल्यात ५०० मिळाले, असं कुणी म्हणालं तर खिन्न हसा आणि ‘पण शहराचा आत्मा?’ एवढंच विचारा. आत्म्याला कार्पेट एरिया लागत नाही.

बिल्डरला शत्रू समजू नका. त्याचंही पाटीवर प्रेम आहे, फक्त ते तोडफोड झाल्यावर सुरू होतं. ज्या भिंतीवर खानावळीचं नाव होतं ती पाडून तो टॉवरच्या नावात ‘हेरिटेज’ घालील आणि लॉबीत तशाच लाल अक्षरांचं वॉलपेपर लावील. कायदाही त्याच्या बाजूने आहे. १९९५ पासून मुंबईला वारसा नियमावली आहे, श्रेण्या आहेत, समिती आहे, वारसा इमारतीच्या मालकाला टीडीआरचीही, म्हणजे न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकण्याची, सोय आहे. इमारतीला श्रेणी मिळते, परिसराला मिळते. पत्र्यावरच्या ऑइलपेंटला एफएसआय, म्हणजे किती बांधता येईल त्याचा हिशेब, नाही, आणि ज्याला एफएसआय नाही त्याचं या शहरात कुणी ऐकत नाही.

एक गोष्ट मात्र मीटिंगमध्ये चुकूनही सुचवू नका. ती म्हणजे पत्र्याची पाटी स्क्रू काढून उतरवता येते. भिंतीवरच्या अक्षरांचा पूर्ण आकाराचा ट्रेसिंग घेता येतो. करारात कॉर्पस, म्हणजे बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम, आणि पार्किंगच्या कलमांशेजारी पाटीचं एक कलम घालता येतं. आणि एखाद्या बोर्ड पेंटरला बोलावून नव्या इमारतीची पाटी त्याच वळणाची रंगवून घेता येते. हे सगळं एका मॉड्युलर किचनच्या खर्चात बसेल, काकूंना स्वतःचा संडास मिळेल आणि पाटीही राहील. मग तुम्ही भांडायचं कुणाशी, आणि बिल्डरने वॉलपेपर लावायचं कशासाठी?

राहता राहिला दुकानदार. त्याच्या वाट्याला जायचं असेल तर तयारीने जा. मराठी पाटीची सक्ती २०२२ च्या दुरुस्तीने छोट्या दुकानांनाही लागू झाली, सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांची मुदत दिली, आणि मुंबईभर घाईघाईने फ्लेक्स चढले. याच्या आजोबांची पाटी पहिल्यापासून मराठीत होती. तरी शेजाऱ्याचा बोर्ड चमकतो म्हणून यानेही एलईडीचा लावला आणि जुना पत्रा पोटमाळ्यावर टाकला. नव्या टॉवरमध्ये त्याला गाळा मिळणार आहे तो मागच्या बाजूला, पार्किंगच्या रॅम्पपाशी. त्याला वारशाचं महत्त्व समजावून सांगा. तो तुम्हाला खुर्ची देईल, सगळं ऐकून घेईल आणि विचारील, ‘साहेब, तेवढा पुढचा गाळा मिळवून द्याल का? पत्रा फुकट घेऊन जा.’


पत्रा घ्या. गाळ्याचं बघतो म्हणा.