पाचशे बाराचा पासंग

वजनमापं खात्यात मी ३१ वर्षं काढली. कागदावर खात्याचं नाव 'वैधमापनशास्त्र' असं भारदस्त आहे, पण ते मंडईत कुणाच्या तोंडात बसत नाही. साताऱ्यात मी 'काटेवाले साहेब' होतो. पारड्याखाली चिकटवलेली चिंच, बुडातून पोखरलेलं वजन, तळ ठोकून आत घेतलेलं दुधाचं माप, यातलं काहीही मला लांबून दिसायचं. मी मंडईत शिरलो की चार-दोन काटे आपोआप सरळ व्हायचे. हे सांगायचं कारण, असल्या माणसाच्या डोळ्यांदेखत गेल्या ऑगस्टमध्ये पुण्यात माप मारलं गेलं आणि तो माणूस बॅग फुकट मिळाली म्हणून खुशीत एसटीत बसला.

झालं असं की लेकीला पुण्यात कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला. कॅपच्या, म्हणजे सरकारी प्रवेशप्रक्रियेच्या, तिसऱ्या फेरीपर्यंत घरात कुणी धड जेवलं नव्हतं. नाव लागल्यावर कंदी पेढे वाटले, तर ज्याला ज्याला पेढा दिला त्यानं तो तोंडात असतानाच विचारलं, "मग लॅपटॉप कुठला?"

आणि उत्तरासाठी कुणी थांबलं नाही. शेजारचे निवृत्त तलाठी म्हणाले, टच स्क्रीनचाच घ्या, बोटानं काम होतं. मेहुणा म्हणाला, "दाजी, ग्राफिक्स कार्ड नसेल तर दुकानाची पायरीसुद्धा चढू नका." त्यानं स्वतःच्या मुलाला तसला घेऊन दिला होता, कार्ड उत्तम चाललं, मुलगा तीन विषयांत राहिला. हिंजवडीतल्या भाच्यानं फोनवर पाऊण तास शिकवणी घेतली. "मामा, प्रोसेसर आयफाइव्ह घे, पण पुढचं अक्षर बघ. एच असेल तर जोरात पळतो, वीज खातो, तापतो. यू असेल तर बेतानं पळतो, पण बॅटरी पुरवतो."

"म्हणजे एक शर्यतीचा बैल आणि एक औताचा."

"हां, तसंच काहीतरी."

"मग आपल्याला औताचा."

लेकीनं स्वतःची यादी केली होती. रॅम (कामापुरती स्मृती) १६ जीबी, एसएसडी (कायमची साठवण) ५१२ जीबी, वजन पावणेदोन किलोच्या आत. त्या यादीतली शेवटची ओळ मला कळली आणि मी निश्चिंत झालो. तिचं म्हणणं होतं ऑनलाइन मागवू. जी वस्तू घेण्याआधी तोलून बघता येत नाही तिचे पैसे द्यायचे नाहीत, हा माझा जन्माचा नियम. चर्चा तिथेच संपली.

तर आम्ही बापलेक सकाळच्या विनाथांबा गाडीनं निघालो, खंबाटकीच्या बोगद्यातून पलीकडे गेलो आणि स्वारगेटला उतरून टिळक रोडला लागलो. माझ्या पिशवीत तीन गोष्टी होत्या: डबा, स्टीलचा टेप आणि प्रवासाची बॅग तोलायचा हुकाचा काटा. निघताना बायको एवढंच म्हणाली, "तिथं कुणावर खटला भरू नका."

दुकानात एसी होता आणि काउंटरवर विशीतला एक पोरगा. त्यानं पहिला लॅपटॉप पुढे केला. खोक्यावर छापील किंमत ८२,९९९. तो म्हणाला, "काका, तुम्हाला ५६,५०० ला पडेल."

इथेच मी पहिल्यांदा अडलो. छापील किमतीच्या वर पैसे घेणाऱ्यांना मी आयुष्यभर पिडलं. २० ची पाण्याची बाटली २५ ला विकली म्हणून एकाला मी कोर्टाची पायरी दाखवली आहे. पण छापील किमतीपेक्षा २६,४९९ रुपये कमी घेणाऱ्याचं काय करायचं, याला कायद्यात कलम नाही. मी आपला खोक्याभोवती फिरलो. उत्पादनाचा महिना, देश, ग्राहक तक्रारीचा नंबर, सगळं जागच्या जागी. स्क्रीन ३९.६२ सेंटीमीटर. हा आकडा बघून ऊर भरून आला. जगभर लोक १५.६ इंच म्हणतात, पण आपल्याकडे व्यवहाराला मेट्रिक माप लागतं, १९५६ सालच्या कायद्यानं त्याची सुरुवात केली. तो बेंगरूळ आकडा तिथं आहे तो आमच्या खात्याची पुण्याई म्हणून.

मी टेप काढला आणि स्क्रीन मोजली. साडेचौतीस.

पुन्हा मोजली. साडेचौतीसच.

"पाच सेंटीमीटर कमी आहे," मी शांतपणे म्हणालो. अशा वेळी आवाज चढवायचा नसतो, समोरचा सावध होतो.

पोरगा हसला. "काका, तिरकं मोजा. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत."

तिरकं मोजलं. ३९.६ भरलं. आता मला सांगा, उद्या कापडवाल्यानं मला सदऱ्याचं कापड कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजून दिलं तर मी काय करीन? त्याचा गज जप्त करीन. पण इथे सगळं जगच तिरकं मोजतं म्हटल्यावर मी टेप मिटला.

मग वजन. खोक्यावर १.६२ किलो. दुकानातल्याच कॅरीबॅगेत घालून हुकाला लावला, काटा १.६ च्या आसपास थांबला. बरोबर. मी चार्जर मागितला. वायरीसकट तो आणखी ४०० ग्रॅमच्या आसपास भरला. "हा त्यात धरलाय का?" नव्हता धरला. कपबशी विकताना बशी सोडून वजन सांगावं तशातला प्रकार. पाठीवर घेऊन जाणाऱ्या पोरीला काय, ती चार्जर दातात धरून नेणार आहे का? एवढ्यात शेजारच्या काउंटरवरचे एक गृहस्थ आपला लॅपटॉप घेऊन आले आणि अदबीनं म्हणाले, "साहेब, आमचापण तेवढा बघता का?" मी त्यांचाही तोलला. मग आणखी एकाचा. लेक या वेळपर्यंत प्रिंटरच्या कोपऱ्यात जाऊन उभी होती आणि आपण एकट्याच आलो आहोत असा चेहरा करून शाईच्या डब्या वाचत होती.

बॅटरी '१० तासांपर्यंत' होती. 'पर्यंत' हे माप नव्हे, असं मी बोललो. पण तेवढ्यात लेक आली आणि तिनं १३ व्या पिढीचा यूवाला आयफाइव्ह, १६ जीबी आणि ५१२ जीबी असा सौदा दोन मिनिटांत पक्का केला. पोरगा ८ जीबीवालाही दाखवत होता, स्वस्तात. त्यावर तिनं विचारलं, "रॅम बोर्डावर सोल्डर केलेली आहे की वेगळा स्लॉट आहे?" सोल्डर केलेली होती. म्हणजे पुढे वाढवता येत नाही. माझी पोरगी पारड्याखाली हात घालून बघते हे त्या क्षणी मला कळलं, आणि मी खिशातल्या चेकबुकावरचा हात काढून घेतला नाही.

खरी लढाई त्यानंतर सुरू झाली. बॅग फ्री, माउस फ्री. आणि मग फ्री नसलेल्या गोष्टी एकेक करून काउंटरवर येऊ लागल्या. कीबोर्डवर घालायचं रबरी स्किन २५०. स्क्रीन गार्ड ४५०. अँटिव्हायरस ६००. यूएसबीचा हब ८००, कारण लॅपटॉप इतका पातळ की त्याच्या अंगात नेटची वायर शिरायला भोकच नाही. कूलिंग पॅड ९००.

"हे कशाला?"

"लॅपटॉप गरम होतो ना काका, म्हणून खालून पंखा."

"लॅपटॉपला स्वतःचा पंखा नाही?"

"आहे की."

"मग?"

"तो आतला."

वर वाढीव वॉरंटीचे ४,५००. ५६,५०० चे बघता बघता ६४,००० झाले होते. मी मंडईत कोथिंबिरीची काडी फुकट घेतली नाही कधी, पण तिथे भाजीवाली निदान काडी देऊन वर साडेसात हजार मागत नाही. आम्ही हब ठेवला, बाकीचं परत ढकललं. बायकोचा फोन आला, तिला विचारलं तर म्हणाली, "कव्हर तेवढं घेऊ नका, मी विणते. मिक्सरला आहे तसं."

"बिल पक्कं द्या," मी म्हणालो.

"काका, कच्चं आम्ही देतच नाही," पोरगा म्हणाला. हे वाक्य ध्यानात ठेवा.

परतताना खंबाटकीचा घाट. गाडीत गर्दी, वर ठेवायची हिंमत नाही, म्हणून खोकं तीन तास मांडीवर. लॅपटॉप हा प्रकार आमच्या घरात मांडीवर बसला तो तेवढाच. त्यानंतर तो कायम टेबलावर असतो.

रात्री देवापुढे ठेवला. बायकोनं झाकणावर कुंकवाचं बोट ओढलं, लेकीनं किंचाळून पुसलं, खोबरं वाटलं. मग तिनं चालू केला आणि मी चष्मा लावून शेजारी बसलो. कसल्याशा खिडकीत सी ड्राइव्हखाली आकडा होता: ४७६ जीबी.

"किती घेतलाय आपण?"

"पाचशे बारा."

"मग बाकीचे ३६ कुठं गेले?"

ती म्हणाली, "असंच असतं हो बाबा."

'असंच असतं' हे वाक्य मी ३१ वर्षं प्रत्येक दुकानदाराकडून ऐकलं होतं. स्वतःच्या पोरीकडून ऐकताना पोटात गलबललं. किलोच्या बंद पुड्यात १५ ग्रॅमची चूक कायदा पोटात घालतो. इथे तूट शंभराला सातची, म्हणजे किलोला ७० ग्रॅम! एवढ्यावर तर मी दुकानाला सील ठोकलं असतं. मी बिल काढलं, तक्रारीचा मसुदा डोक्यात जुळवला, पहिलं वाक्य तयारही झालं.

लेकीनं माझा कॅल्क्युलेटर मागून घेतला. दुकानदारी, बारा आकडी. त्यात तिनं ५१२ वर नऊ शून्यं मारली. बरोबर बारा घरं भरली. "कंपनी हजाराच्या पटीत मोजते, बाबा. हजार गुणिले हजार गुणिले हजार बाइट म्हणजे एक जीबी. आता याला १०२४ नं भागा." भागलं. ५० कोटी. "परत भागा." ४,८८,२८१ आणि वर थोडं. "परत." ४७६.८३.

मी कॅल्क्युलेटरकडे बघत राहिलो.

"विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं," ती म्हणाली, "कारण कॉम्प्युटर दुपटी-दुपटीनंच मोजतो. माल तेवढाच आहे, माप वेगळं आहे."

आता मला माझी आजी आठवली. तिच्याकडे दाणे मागायला कुणी आलं की तिचा पहिला प्रश्न असायचा, "शेर कच्चा की पक्का?" पक्का शेर ८० तोळ्यांचा, कच्चा गावागणिक निराळा. ती भानगड मिटवायला तर किलो आला. आणि साठेक वर्षांनी माझ्या बैठकीच्या खोलीत कच्चा जीबी आणि पक्का जीबी हजर.

"मग खोटं कोण बोलतंय?" मी विचारलं. कुणावर तरी भरला पाहिजे ना खटला.

इथे तिनं जे सांगितलं त्यानं माझी झोप गेली. कंपनी खरं बोलते आहे. किलो म्हणजे हजार, गिगा म्हणजे शंभर कोटी. हे मापच कायद्याचं. १०२४ वाल्या मापाला १९९८ साली वेगळं नावही मिळालं आहे, गिबीबाइट. विंडोज मोजतं गिबीबाइट आणि लिहितं जीबी. म्हणजे माल बरोबर, शिक्का बरोबर, बिल पक्कं. काटाच कच्चं सांगतो! असला खटला मी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता. काटा कमी दाखवतो म्हणून दुकानदार रडतो आणि गिऱ्हाईक गप्प बसतं, इथे सगळंच उलटं. आणि गंमत म्हणजे रॅम मात्र त्याच पेटीत १०२४ च्याच हिशेबानं विकतात. ती पुरती १६. त्यातही खाली लिहिलेलं, 'वापरता येण्याजोगी १५.७'. उरलेली यंत्र स्वतःकडे ठेवून घेतं. त्याचं मला काही वाटलं नाही. गिरणीत मूठभर पीठ राहतंच.

"आणि समजा मोठा घेतला असता तर?" मी विचारलं.

"एक टीबी, म्हणजे हजार जीबी असता तर ९३१ दिसले असते. माप वाढेल तसा फरक वाढतो."

रात्री अडीचला मी उठून परत भागाकार केला. तेवढेच आले. सकाळी ती उठायच्या आत लॅपटॉप उलटा केला आणि बुडाला, चिकटवलेल्या लेबलाच्या शेजारी, मार्करनं बारीक अक्षरांत लिहिलं: 'पक्के ५१२, कच्चे ४७६. तपासले.' खाली सही आणि तारीख. दरवर्षी इलेक्ट्रॉनिक काट्याला शिक्का मारायची सवय हाताला होती, तो गप्प बसेना.

लेक होस्टेलला गेली. विणलेलं कव्हर तिनं नेलं नाही, ते आता सेट टॉप बॉक्सवर आहे. पंधरा दिवसांनी रात्री तिचा फोन आला. मागे पोरींचा गलका चालला होता.

"बाबा, माझ्या रूममेटचापण पाचशे बाराच आहे. तिनं तुमचं लिहिलेलं वाचलं आणि स्वतःचा उघडून बघितला. तिच्यात ४७५ दाखवतंय. कुठलं तरी लपलेलं पार्टिशन असतं हो, रिकव्हरीचं, मी सांगितलं तिला. पण ती म्हणते, तुझ्या बाबांनाच विचार."

मी उठून बसलो, चष्मा शोधला.

"बिल पक्कं आहे का म्हणावं तिच्याकडे?"