जास्त नको, खाडा नको

आज संध्याकाळी दळण घेऊन घरी येत होते, तर आमच्या बिल्डिंगमधला दहावीतला मुलगा जिन्यात बसलेला. मांडीवर विज्ञानाचं पुस्तक, डोळे लाल. काय झालं विचारलं तर म्हणाला, "काकू, वाचलेलं डोक्यात राहतच नाही."

सहामाहीचे मार्क हातात आल्यापासून त्यांच्या घरात काय चाललंय ते मला माहीत आहे. दिवाळीच्या फराळाचा डबा परत द्यायला गेले तेव्हा फ्रिजच्या दारावर चिकटवलेलं वेळापत्रक वाचलं होतं. पहाटे ४ ते ६ गणित. मग इंग्रजी, मग शाळा, मग क्लास, मग रात्री ११ पर्यंत बाकीचं सगळं. मोबाईल कपाटात, क्रिकेट बंद. आणि उजळणी? रविवारी संध्याकाळी एक तास. आठवडाभर जे कोंबलं ते सगळं एका तासात. तेव्हा काही बोलले नाही. आज मात्र राहवत नाही, म्हणून लिहिते आहे.

पुस्तक त्याच्याकडून घेतलं. मूलद्रव्यांच्या आवर्ती वर्गीकरणाचा धडा. पानं हायलायटरने पिवळी धमक. किती वेळा वाचलास? चार वेळा. मी पुस्तक मिटलं आणि विचारलं, मेंडेलीव्ह या शास्त्रज्ञाने मूलद्रव्यं कशाच्या क्रमाने लावली होती? तो मिटलेल्या पुस्तकाकडे बघत राहिला. "ओठांवर आहे काकू, थांबा." नाही आलं. पुस्तक उघडलं, तर 'अणुवस्तुमान' या शब्दावर पिवळा पट्टा! त्याने कपाळावर हात मारून घेतला. मुलगा ढ नाही हो. चार वेळा वाचताना पुस्तक मिटून बघ, एवढं त्याला कोणीच सांगितलं नव्हतं.

मला हे सांगणारे माझे आप्पा होते. सातवी पास. नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागले आणि पुढे टर्नर झाले. १९९४ साली मी दहावीला होते. सिडकोतलं दोन खोल्यांचं घर, आम्ही सहा माणसं. क्लास परवडणारा नव्हता. आप्पांना माझी बीजगणित-भूमिती येत नव्हती, पण मराठी वाचता यायचं. जेवण झालं की ते माझं पुस्तक हातात घ्यायचे, कुठलंही पान उघडायचे, ठळक अक्षरातला शब्द बघायचे आणि म्हणायचे, "हे सांग." मला सांगता आलं नाही तर रागवायचे नाहीत. समासात पेन्सिलीने एक टिपका द्यायचे. बस. पुढच्या वेळी आधी टिपके विचारायचे. तीन वेगवेगळ्या दिवशी बरोबर आलं की मगच रबराने पुसायचे. एकाच दिवशी तीनदा सांगितलेलं चालायचं नाही. मी भांडायचे, आत्ताच तर सांगितलं! ते म्हणायचे, "आत्ता सांगितलंस, परवा सांग."

हे त्यांना कुठून सुचलं? लेथवरून, म्हणजे धातू कातायच्या मशीनवरून. त्यांनीच एकदा समजावलं होतं. टूल झिजत जातं, माप हळूहळू सरकतं, डोळ्यांना दिसत नाही. म्हणून दर थोड्या नगांनंतर मशीन थांबवून व्हर्निअरने माप बघायचं. शिफ्ट संपल्यावर मोजलंस तर अख्खा लॉट रिजेक्ट, मग किती का घाम गाळलेला असेना.

आपण मुलांचं हेच करतोय. वर्षभर मोजत नाही. प्रिलिमला एकदम मोजतो आणि मग मुलाला रिजेक्ट म्हणतो.

विसरणं हा गुन्हा असल्यासारखं आपण मुलांशी वागतो, त्याचा मला फार राग येतो. हर्मन एबिंगहॉस नावाच्या जर्मन माणसाने अर्थ नसलेली अक्षरं पाठ करून विसरणं स्वतःवरच मोजलं आणि १८८५ साली छापलं. पाठ केलेलं सगळ्यात वेगाने निसटतं ते सुरुवातीलाच, नंतर वेग कमी होतो. म्हणजे आज शिकलेलं उद्याच एकदा विचारायला हवं, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने. रविवारची वाट बघेपर्यंत गाडी गेलेली असते. आप्पांनी या माणसाचं नाव ऐकलेलं नव्हतं. पण त्यांची शिफ्ट दर आठवड्याला बदलायची. फर्स्ट असली की रात्री जेवणानंतर, सेकंड असली की सकाळी मी दप्तर भरताना, नाईट असली की ते डबा घेऊन निघायच्या आधी. तेवढी वीस मिनिटं कधी चुकली नाहीत. गणपतीत नाही, आत्याच्या लग्नात नाही. मला ताप होता तेव्हा दोनच टिपके विचारले आणि पुस्तक ठेवून दिलं. "जास्त नको, खाडा नको," एवढंच म्हणायचे.

आणि इथे आपण पहाटे चारला उठवतोय. पंधरा वर्षांचं वाढतं पोर, रात्री साडेअकराला झोपलेलं. झोपेत दिवसभराचं शिकलेलं मुरतं, तीच झोप आपण कापतोय आणि वर विचारतोय की लक्षात का राहत नाही! आई-बापांनो, रागावा माझ्यावर, पण त्या पोराच्या जागी एक आठवडा राहून बघा.

हो, काही मुलं शेवटच्या महिन्यात रात्रंदिवस करून चांगले मार्क आणतात, मान्य. ज्या घरात विचारायला कोणी नाही तिथे क्लासचा आधार होतो, तेही मान्य. सूत्रं आणि व्याख्या पाठच कराव्या लागतात, त्याला इलाज नाही. पण पाठ केलेलं पुस्तक मिटून सांगता येतं का, हे बघायला कोणता क्लास लागतो? भाकरी थापताना विचारता येतं. कंपनीच्या बसमधून फोनवर विचारता येतं. उत्तर आपल्याला यायची गरजच नाही, ते पुस्तकात असतं.

विज्ञानाचे दोन भाग, ४०-४० मार्कांचे. गणिताचेही तसेच. सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं की मुलाचे हातपाय गळतात. रोज वीस मिनिटं, ठरलेल्या वेळी, कालचं थोडं आणि गेल्या आठवड्यातलं थोडं. गणिताच्या दोन उदाहरणांमध्ये इतिहासाचा एक प्रश्न. सोडवलेलं उदाहरण वाचायचं नाही, झाकून सोडवायचं. चुकलं तर टिपका. मुलांना टिपक्यांची भीती वाटत नाही, मी अनुभवाने सांगते. उलट ते पुसायची घाई होते. मला व्हायची. मार्चमध्ये पेपरला निघाले तेव्हा माझ्या भूगोलाच्या पुस्तकात अकरा टिपके उरले होते, मला आकडासुद्धा आठवतो. आप्पा म्हणाले, "अकराच आहेत, जा."

मघाशी एवढं सगळं रागारागात लिहिलं. वर त्या मुलाच्या आईबद्दल बोलले ते परत वाचलं आणि वाईट वाटलं. ती बिचारी चारला त्याच्यासोबत उठते, चहा करून देते, शेजारी बसून राहते, मग डबे करून कामावर जाते. तिला वाटतंय हेच करायचं असतं. तिलाही कोणी सांगितलेलं नाही. उद्या तिच्याशी नीट बोलेन.

आज मी त्याला जिन्यातून घरात घेऊन आले. आधी पोहे दिले. मग पेन्सिल. त्या धड्यावर दहा प्रश्न विचारले. आधुनिक आवर्त सारणीत किती गण म्हणजे उभे रकाने, किती आवर्तने म्हणजे आडव्या ओळी, ते त्याने न बघता सांगितलं, १८ आणि ७. स्वतःलाच नवल वाटलं त्याला. चार प्रश्न अडले. समासात चार टिपके त्याने स्वतःच्या हाताने दिले. जाताना म्हणाला, "काकू, मेंडेलीव्हचा उद्या लगेच नका विचारू." मी म्हटलं, तोच पहिला विचारणार.

पोस्ट लिहिता लिहिता आप्पांना फोन लावला. आता ते ऐंशीच्या पुढे आहेत, कमी ऐकू येतं, दोनदा सांगावं लागलं. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, "उद्या किती वाजता येणारे पोरगं?"

साडेसातला.